भोजराजच्या शेजारची जागा

वरठी
९ ऑक्टोबर

वीरेंद्र,

सलाम. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर लिहितो आहे. अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकशील, तर निदान सूनबाईला वाचायला दे. विषय माझा नाही, तुझ्या आईचा आहे.

ती तुला फोनवर "बरी हाय" म्हणते. ती बरी नाही. पोटातली गाठ काढली तेव्हा तू आला होतास. दवाखान्यातून परस्पर सिल्वासाला परत गेलास, घराचा उंबरा ओलांडला नाहीस. ते असो. आता ते दुखणं यकृतात उतरलं आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनांचा पुन्हा एक फेरा घ्यायला सांगितलं, तर तिने सरळ विचारलं, "यानं मी बरी होईन का, साहेब?" डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "बऱ्या नाही होणार रिताबाई, पण थोडे दिवस वाढतील." ही म्हणते, "मंग राहू द्या. हायेत तेवढे चांगले जाऊ द्या." आणि उठून बाहेर आली. मी कागदपत्रांची पिशवी धरून तिथेच उभा. बाहेर येऊन पाहतो तर बाई संत्रीवाल्याशी घासाघीस करते आहे.

माझी तक्रार पुढे आहे. त्या दिवसापासून ती खुश आहे.

तुला हे विचित्र वाटेल. दुखतं तेव्हा दुखतं, ओठ चावते, गोळी घेते. पण गोळी लागू पडली की लगेच कामाला लागते. आधी शेजारच्या रुखमाच्या घरी गेली. सांडपाण्याच्या नालीवरून दोघींचं बोलणं बंद होतं, तुला माहीतच आहे. रुखमाच्या दारात जाऊन म्हणाली, "माय, माझं चुकलं असंल तं पोटात घाल. मले आता रिकाम्या मनानं जायाचं हाय." रुखमा बिचारी हिंदू बाई, घाबरली, तिला वाटलं हिला काय झालं. मग दोघी गळ्यात पडून रडल्या. आता रुखमा रोज संध्याकाळी नव्या तांदळाची पेज घेऊन येते.

मग लुगड्यांची पेटी उघडली. कोणतं कोणाला द्यायचं ते ठरलं. पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून वर ठेवली. मातीच्या वेळी म्हणायची गाणी निवडली. पाळकसाहेबांना बोलावून सांगितलं की उपदेश लांबवू नका, उन्हात माणसं उभी राहतात. मला भात शिजवायला शिकवते आहे. नवरदेवाची वाट पाहत दिव्यात तेल भरून बसलेल्या कुमारिकांचा शुभवर्तमानातला दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. पण वीरेंद्र, माझ्या घरात नवरीसारखी तयारी चालली आहे आणि नवरदेव मी नाही.

कोणाकडे चालली आहे ती एवढी नटून? मी विचारलं नाही. मला ठाऊक आहे. तुझा बाप तिथे आधीच जाऊन बसला आहे.

तू तिला समजाव. इंजेक्शनं घे म्हणावं. तुझं ती ऐकते. माझं सत्तावीस वर्षांत ऐकलं नाही.

परसराम


वरठी
२८ ऑक्टोबर

वीरेंद्र,

पत्र पोचलं म्हणायचं. तू रविवारी तिला फोन केलास. छान केलंस. तासभर बोललास. फोन घेऊन ती परसात गेली, जांभाच्या झाडाखाली बसली. मी पाणी भरायच्या निमित्ताने दोनदा तिकडे गेलो, तर आवाज बारीक केला. आणि हसली. माझ्याशी बोलताना ती तशी हसत नाही.

"काय म्हणे तुझा पोरगा?" मी विचारलं.

"काही नाही. मायलेकाचं बोलणं."

"इंजेक्शनाचं बोलला का?"

"बोलला. मी सांगतलं, आयकलं त्यानं."

म्हणजे तिला समजवायला तुला सांगितलं, आणि तूच समजलास. तुम्ही मायलेक सुरुवातीपासून असेच. मी घरात आलो तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि दोघांच्या मध्ये झोपायचास. मला कधी कधी वाटतं, अजून तिथेच झोपला आहेस.

तुझ्या लग्नाच्या पत्रिकेबद्दल मी पुन्हा बोलणार नाही. "कै. भोजराज यांचे चिरंजीव" मोठ्या अक्षरात, आणि मी खाली, निमंत्रकांच्या गर्दीत, तुझ्या मामाच्याही खाली. तुझ्या शाळेच्या दाखल्यापासून आयटीआयच्या फीपर्यंत पालक म्हणून सही कोणाची होती, ते मी सांगत बसणार नाही. त्या दिवशी माझी तब्येत बरी नव्हती म्हणून लग्नाला आलो नाही. एवढंच.

खरं लिहायचं ते वेगळं आहे. गुरुवारी ती म्हणाली, "मले कब्रस्तानात घेऊन चाला."

"कायले?"

"गवत काढाचं हाय. पावसात लय माजलं असंल."

स्कूटीवर मागे उशी बांधून नेलं. हातात विळा, पाण्याची बाटली. तुझ्या बापाची कबर पार मागच्या कोपऱ्यात आहे, नाल्याच्या बाजूला. चालताना ती तीनदा बसली. पोचलो तर खरंच कंबरभर गवत. तिने विळा घेतला आणि एक मूठ कापून खाली बसली, तोंड पांढरं पडलेलं. मग काय करणार? मी घेतला विळा. भोजराजच्या कबरेवरचं गवत मी कापलं, वीरेंद्र. मुळापासून. फरशीवरची माती हाताने झाडली. ती सावलीत बसून सांगत होती, "त्या कोपऱ्यातलं राह्यलं. तिथंबी." मी कारखान्यात क्रेन चालवायचो तेव्हा खालून मुकादम असाच ओरडायचा.

फरशीवर लिहिलेलं स्वच्छ दिसू लागलं. वय वर्षं एकतीस. तो एकतीसचाच राहिला. चांगला उंच, पेटी वाजवायचा, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचा, कावीळ झाली आणि गेला. त्याला ना टक्कल पडलं, ना दात पडले, ना बायकोशी तो भाजीतल्या मिठावरून भांडला. मेलेल्या माणसाशी बरोबरी कशी करायची, ते सांग.

त्याच्या शेजारी उजवीकडे एक जागा मोकळी आहे. ती त्या जागेकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो.

"तुले इथं ठेवू का?" शेवटी मीच विचारलं.

"कुठंबी ठेवा," ती म्हणाली. "लुगडं फाटलं का कोणत्या खुंटीले टांगलं, त्याचं काय?"

तिने "नको, मला तुमच्याजवळ ठेवा" असं म्हणावं म्हणून मी थांबलो. ती म्हणाली नाही.

परसराम


वरठी
१७ नोव्हेंबर

वीरेंद्र,

तू काही कळवलं नाहीस, तरी लिहितो आहे. दुसऱ्या कोणाला लिहू? या घरात जे चाललं आहे ते चर्चच्या मंडळीतल्या लोकांना सांगितलं तर हसतील.

मी पाळकसाहेबांकडे गेलो होतो. तरुण माणूस आहे, मागच्या वर्षी आला, तू पाहिलेला नाहीस. मी म्हणालो, साहेब, एकामागून एक मेलेल्या सात भावांची एकच बायको, ती स्वर्गात कोणाची, हा प्रश्न प्रभूला विचारला होता, तो मला समजावून सांगा. त्यांना वाटलं मी अभ्यास करतो आहे. खुश झाले. म्हणाले, तिथे लग्न नाही, नवरा नाही, बायको नाही. सगळे देवदूतांसारखे.

"म्हणजे रिता तिथं भोजराजची नाही?"

तेव्हा त्यांना कळलं. चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, "नाही, काका. कोणाचीच नाही."

रस्त्याने येताना मला आनंद झाला. पेट्रोलपंपापर्यंत टिकला. मग लक्षात आलं, भोजराजची नाही तशी माझीही नाही. जिच्यासाठी मी चौतिसाव्या वर्षापर्यंत लग्न केलं नाही (हे तुला माहीत नसेल, तिलाही नाही. भोजराजच्या लग्नात मी वाढपी होतो), ती बाई तिथे मला रस्त्यातला माणूस समजून सलाम करील.

घरी येऊन मी तिला ते सांगितलं. अर्थात रागाने सांगितलं. ती खाटेवर टेकून बसली होती. आता ती फारशी उठत नाही.

"अवो, तुमाले काय वाटते, मी भोजराजसाठी चालली?"

"मंग कोणासाठी?"

"ज्याच्यासाठी साऱ्या जनमभर गाणी म्हटली, त्याच्यासाठी. तुमी नाही म्हटली का? माझ्या बाजूलेच तं उभे राहत होते."

"आणि आमी दोघं?"

खोटं बोलायची सवय तिला आधी नव्हती आणि आता तर ती सोडूनच दिलीय. म्हणाली, "त्याचं तोंड पाहाले भेटलं तं तुमी दोघं ध्यानात राहासान का नाही, मले माहीत नाही. पण राहालच असं वाटते. ज्यानं दिले तोच इसरू देईल का?"

देवाचा मत्सर करणारा ख्रिस्ती माणूस तू पाहिला आहेस का? घरी ये म्हणजे दिसेल. भोजराजवर जळत होतो तेव्हा निदान समोर माणूस होता.

आता या रविवारचं. पाळकसाहेब आणि चर्चची दोन वडीलमंडळी प्रभुभोजन घेऊन घरी आले, कारण तिला चर्चपर्यंत जाता येत नाही. पांढरा रुमाल अंथरला, भाकर ठेवली, प्याला ठेवला. रुखमा दारात पदर सावरून उभी होती. तुझ्या आईने घेतलं. साहेब माझ्याकडे वळले. माझा हात पुढे झाला नाही.

"काका?"

"मी घेणार नाही. माझ्या मनात एका माणसाबद्दल आहे. आधी समेट, मग वेदी, असं आपणच शिकवता."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मग जाऊन समेट करून या. आम्ही थांबतो."

"तो मेला आहे."

वडीलमंडळी जमिनीकडे बघू लागली. तुझ्या आईने डोळे मिटलेले होते, तशीच बोलली, "त्या बिचाऱ्यानं तुमचं काय केलं? तो मेला, म्हणून तं तुमाले जागा झाली."

सगळ्यांसमोर. रुखमासमोर.

ते गेल्यावर ती म्हणाली, "मी तयार हाय. तुमीच नाही. असं मन घेऊन तुमी मांगं राहासान, तं मले सुखानं जाता यील का? माझी एवढी एकच गाठ सुटाची राह्यली." मी भात लावला. करपला.

परसराम


वरठी
१ डिसेंबर

वीरेंद्र,

हे पत्र मिळण्याआधीच फोनवर निरोप मिळेल अशी व्यवस्था केली आहे. पाळकसाहेब तुला फोन करतील, त्यांचा तरी उचल. तरीही लिहितो, कारण मी बोलावलं नाही असं पुढे म्हणायला नको.

ये. तिने बोलवायला सांगितलं नाही. ती म्हणते, पोराची नोकरी नवी आहे, त्याला त्रास देऊ नका. मी सांगतो आहे. घरी उतर. बाहेरच्या खोलीत तुझी खाट टाकली आहे. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

जागा मी ठरवून आलो आहे.

परसराम


वरठी
१९ जानेवारी

वीरेंद्र,

तू गेल्यावर घर झाडलं. तुझा मफलर खुंटीवर राहिला आहे, ठेवला आहे.

तुझ्या आईच्या मातीच्या दिवशी, सगळे कब्रस्तानातून परत फिरल्यावर, तू मला विचारलंस, "काका, इथं काहून? आई तं फाटकाजवळ म्हणत होती." मी तुला उत्तर दिलं नाही. तिथेच खाली बसलो, तू मला हाताला धरून उठवलंस. उत्तर आता देतो. तेव्हा देता आलं नसतं, कारण फाटकाचं मला तुझ्याच तोंडून कळलं.

त्या रविवारी प्रभुभोजन नाकारलं, त्यानंतरचे दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. दूध, औषध, अंग पुसणं सगळं केलं. पण बोललो नाही. मग एका सकाळी उठलो आणि एकटाच कब्रस्तानात गेलो. मागच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे कोणी नसतं, हे आपल्याला शिकवलेलं आहे. माती मातीत जाते आणि माणूस प्रभूकडे. तरी मी बोललो. आधी तर बरंच वाईट बोललो. ते लिहीत नाही, तुझा बाप आहे. मग बोलायचं संपलं. आणि वीरेंद्र, संपल्यावर मला दिसलं की हा एकतीस वर्षांचा पोरगा आहे. तुझ्याहून लहान. याची तरणी बायको आणि चार वर्षांचा मुलगा मागे राहिला, आणि यालाही ते आवडलं नसणार. मरताना याने कोणाचा मत्सर केला असेल? माझाच. मी तेव्हा दिसलो नसलो तरी, जो कोणी येईल त्याचा. आपण दोघे एकाच दुखण्याचे, असं मी त्याला म्हणालो.

मग सांगितलं, तिला थंडीत पाय गार पडतात. चहात आलं लागतं. रागावली की बोलत नाही, भांडी जोरात ठेवते. हे सांगायला नको होतं, त्याला माहीतच असेल. पण मला सांगायचं होतं.

परत येताना खड्डे खणणाऱ्या श्रावणला गाठलं आणि म्हणालो, भोजराजच्या उजवीकडची जागा राखून ठेव. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू पाहिलंस.

घरी येऊन तिला सांगितलं. ती माझ्याकडे किती तरी वेळ पाहत राहिली.

"तुमी सांगतलं? सोताहून?"

"हो."

"भोजराजच्या बाजूले?"

"हो म्हणतो ना."

तिने माझा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला. म्हणाली, "बरं केलं. लय बरं केलं." आणि साहेबांना बोलवायला सांगितलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एका भाकरीतून घेतलं. रुखमाने दारातून विचारलं, "आता घेतलं का यायनं?" तुझी आई म्हणाली, "घेतलं, बाई. लय वेळ लावला, पण घेतलं."

मला वाटलं, जागा मनासारखी मिळाली म्हणून ती खुश झाली. समेट करून आलेला माणूस मी, तरी त्या घडीलाही आत कुठे तरी चटका बसला. तुझ्यापासून लपवत नाही.

आणि मग तू सांगितलंस. जांभाच्या झाडाखाली ती तुझ्याशी काय बोलत होती ते. मले फाटकाजवळ ठेवजो, यांचे गुडघे गेले, मागच्या कोपऱ्यापर्यंत यांले चालता येणार नाही, आणि आल्याबिगर तं हे राहणार नाहीत. त्यावरच तुम्ही दोघे हसत होतात.

म्हणजे तिची इच्छा होती, वीरेंद्र. मला खुंटीची गोष्ट सांगितली आणि तुझ्याजवळ जागा सांगून ठेवली. आणि मी जेव्हा मोठ्या मनाचा माणूस होऊन घरी आलो, तेव्हा तिने ती जागा सोडून दिली. "नको, फाटकाजवळ ठेवा" एवढं म्हणाली असती, तर माझा समेट तिथेच मोडला असता, हे तिला कळलं. साड्या दिल्या, भांडणं मिटवली, आणि सगळ्यात शेवटी हे दिलं. तयारी कशाला म्हणतात ते मी उपदेशात पुष्कळ ऐकलं होतं.

शेवटच्या सकाळचंही सांगायचं आहे. तू रात्रभर बसला होतास, पहाटे बाहेरच्या खोलीत तुझा डोळा लागला. मी तुला वेळेवर उठवलं नाही, असं तुझ्या मनात असेल तर ते खरं नाही, वेळच नव्हता. शेतात कोणाचं तरी मळणीयंत्र सुरू झालं होतं. तिने डोळे उघडले. मी म्हणालो, "पाणी देऊ?" तिने नको म्हणून मान हलवली. माझ्याकडे पाहिलं, चांगलं ओळखून पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मीही वळून पाहिलं. मला वाटलं तू उठून आलास. दारात कोणी नव्हतं. परत तिच्याकडे वळलो तोवर संपलं होतं.

तिने तुझं नाव घेतलं नाही, माझं नाही, भोजराजचंही नाही. आधी हे मला लागलं. आता रोज थोडं थोडं कमी लागतं. रोज नाही. परवा पुन्हा लागलं.

मी दर रविवारी चर्च सुटलं की जातो. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत दोनदा थांबावं लागतं. पोचल्यावर पाय वळत नाहीत आणि तिथे टेकायला कसलाच आधार नाही. तिची माती अजून ओली, तिच्यावर बसवत नाही. म्हणून भोजराजच्या फरशीवर बसतो. पहिल्या रविवारी त्याची परवानगी मागितली. आता मागत नाही.

तिला जिथे पोचायचं होतं तिथे ती पोचली. तुझा बाप आधीच पोचला. मागे मी राहिलो, आणि माझ्या दिव्यात तेल किती आहे ते मला माहीत आहे. तिच्यासारखी तयारी करावी म्हणतो. तिने रुखमाच्या दारापासून सुरू केली होती. मी कोणाच्या दारात जावं याचा विचार केला, तर तुझ्याशिवाय दुसरं कोणी आठवलं नाही.

लग्नाच्या दिवशी माझी तब्येत ठणठणीत होती. शर्ट घालून दिवसभर घरात बसलो होतो. तुझ्या बायकोचं तोंड मी मातीच्या गर्दीत पहिल्यांदा पाहिलं, ती पाया पडली आणि माझ्याकडे तिला द्यायला शब्द नव्हता.

फेब्रुवारीत येईन म्हणतो. रिताने सूनबाईसाठी ठेवलेली हिरवी साडी माझ्याजवळच आहे, ती आणीन. तुला नको असेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेईन, पण नाराज होणार नाही. हो म्हणत असशील, तर मला घ्यायला स्टेशनवर ये.

मला तुझं घर माहीत नाही.

परसराम